गप्प बसायची भिंत

आमच्या वर्कशॉपमध्ये प्लास्टरची धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. धूळ संध्याकाळी झाडता तरी येते. किस्से मात्र चहाच्या वेळी पुन्हा पुन्हा निघतात, म्हणून म्हटलं, एकदा सांगूनच टाकावेत.

वर्कशॉप बिबवेवाडीत. युसूफभाई आणि मी, दोघांची भागीदारी. त्यांच्या घरात आजोबांपासून छताची नक्षी करतात, मी डिझाइन शिकलेली. युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये असतात तशा टोकदार कमानी, दगडी पानं, विचित्र प्राणी आम्ही प्लास्टरमध्ये करतो आणि लोकांच्या भिंतीवर लावून देतो. कल्पना अशी, की माणसानं रोज थोडा वेळ त्याच्यासमोर गप्प बसावं. पुण्यात, गप्प!

येरवड्याचे एक कॉन्ट्रॅक्टर भाईंना फॉल्स सीलिंगच्या पक्क्या कामासाठी सारखे बोलावत होते. भाई मला म्हणाले, "मुक्ताताई, दिवाळीपर्यंत बघतो. आपल्या कामासमोर एक जरी माणूस खरंच शांत बसलेला दिसला, तर मी इथंच. नाहीतर आपलं सीलिंग बरं. तिकडे कुणी वर बघतच नाही, त्यामुळे वाईट वाटत नाही."

भाई गेले की वर्कशॉपला कुलूपच.

* * *

पहिलं मोठं काम एका निवृत्त शिक्षिकेचं. कमानीच्या मधोमध एक कोनाडा मुद्दाम रिकामा ठेवला होता. नजर तिथं स्थिरावावी, असं मी बाईंना छान समजावून सांगितलं. आठवड्यानं जाऊन पाहतो तर कोनाड्यात वायफायचा राउटर, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि शेजारी स्कूटरची किल्ली.

"बाई, हा रिकामा ठेवायचा होता ना?"

"अहो, रिकामा कोनाडा घरात बरा दिसतो का? आणि रेंजसुद्धा सुधारली आता."

संध्याकाळी येरवड्याचा फोन आला, तो भाईंनी बाहेर जाऊन घेतला.

* * *

मग मी ठरवलं, कोनाडा नकोच. इथल्याच एका दुकानदारांना जबडा वासलेला, पंखवाला प्राणी करून दिला. दिवाणखान्यात लावला. दुकानदारांच्या आईंनी तो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "दृष्टीसाठीच ना? मग घरात काय करतोय?"

दुसऱ्या दिवशी प्राणी फ्लॅटच्या दाराबाहेर, खाली लिंबू-मिरची. मग समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांचा मला फोन आला.

"तो तुमचा प्राणी आमच्या दाराकडे बघतो. काढा असं म्हणत नाही. जरा जिन्याकडे वळवून द्या."

दिला वळवून. आता वरच्या मजल्यावरचे विचारतायत, तो वर का बघतो.

* * *

खराडीच्या एका आयटीवाल्या मुलानं मेडिटेशन कॉर्नर करून घेतला. "दीदी, एकदम पीसफुल व्हाइब पाहिजे." बसायला त्यानं खास गादीसुद्धा आणली होती. भाई जाम खूश. महिन्याभरानं त्याचा भाईंना फोन आला, त्यांनी स्पीकर लावला.

"भारी झालंय! मी रोज तिथंच बसतो."

भाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे पाठ करून. मीटिंगला बॅकग्राउंड मस्त येतं. मी चर्चमध्ये बसलोय असं समजून अमेरिकेतला क्लायंट हळू आवाजात बोलतो. त्याचा आरडाओरडाच बंद झालाय."

फोन ठेवून भाई म्हणाले, "शांत झाला, पण अमेरिकेत. धरायचा का?"

मी म्हटलं, धरा. त्यांनी नाही धरला.

* * *

शेवटची ऑर्डर वारज्याची. मोठी कमान, टेम्पोत उभी बांधून निघालो. एका सिग्नलला स्कूटरवरच्या आजोबांनी तिला नमस्कार केला. पुढच्या सिग्नलला एका बाईंनी क्रॉसची खूण केली. मग भाईंच्या ओळखीचे एक हाजीसाहेब भेटले. त्यांनी कौतुकानं विचारलं, "नवी मशीद कुठं होतेय?"

भाई म्हणाले, "वारज्याला. तिसरा मजला, जोशींचा हॉल."

* * *

जोशी काका आणि काकू दोघंही बँकेतून निवृत्त, आणि कुठल्याही गोष्टीवर दोघांचं एकमत नाही. दारातच सुरू झाले. काका म्हणाले, "उंच लावा."

काकू म्हणाल्या, "हो, म्हणजे ह्यांनाच दिसेल. मी काय स्टुलावर बसू?"

भिंतीला भोक पाडण्याआधी आमची एक पद्धत आहे. कमान टेबलावर उभी करून भिंतीला टेकवायची, घरच्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवायचं आणि नजर जाईल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. दिवाळी तोंडावर आली होती. येरवड्याला आज संध्याकाळी होकार कळवणार, हे भाईंनी मला जिन्यात सांगितलं होतं. खरं सांगते, मला रडू येत होतं.

काका-काकू सोफ्यावर बसले.

"अजून वर," काका म्हणाले.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात गॅलरीतून उतरतीचं ऊन आत आलं आणि कमानीवर तिरकं पडलं. नक्षीतल्या पानांच्या सावल्या हळूहळू लांबायला लागल्या. काकूंनी पुढचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

बराच वेळ गेला. मी हळूच विचारलं, "खूण करू?" काकूंनी माझ्याकडे न बघताच हातानं थांबवलं. भाईंनी ड्रिल आवाज न करता खाली ठेवलं.

आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. येरवड्याचाच. भाईंनी घाईघाईनं तो कानाला लावला, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले, "आता फोन नका करू. इथं लोक बसलेत."