ब्रेक कोणी दाबायचा?

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस मी, आणि एका म्हाताऱ्याचा जीव घेणार होतो. तोही गाडीवर विश्वास ठेवून.

रिटायर झालो आणि नवी गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "सर, इसमें इमर्जन्सी ब्रेक असिस्ट है. आप बेफिक्र रहिए." बस्स! मी समजलो, समोर कोणी आलं की गाडी आपली आपण थांबते. आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना जमवून लेक्चर दिलं. गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडली होती का? छे हो!

रविवारी सकाळी मी आणि माझी बायको सुनंदा बरगीच्या धरणाकडे निघालो. धरण जवळ आलं आणि बाजूच्या कच्च्या रस्त्यानं एक म्हातारा सायकल घेऊन थेट समोर आला. मागे मासळीची टोपली बांधलेली.

"अहो, ब्रेक!"

"थांब ना. गाडी पाहून राहिली."

"काय पाहून राहिली? अहो!"

खरं सांगतो, माझा पाय ब्रेकवर नव्हताच. मी वाट पाहून राहिलो होतो! तेवढ्यात म्हाताऱ्यानं मान वळवली. त्याचे डोळे मला दिसले. तेव्हा कुठे माझा पाय ब्रेकवर आदळला. पेडल पायाखाली थरथरलं, गाडीनं नाक खाली घातलं आणि ती सायकलपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

म्हातारा घाबरून पडला होता. रस्ताभर मासे. आम्ही धावलो. गुडघा सोलला होता, बाकी धडधाकट. सुनंदानं रुमाल बांधला. आणि मी काय बोललो असेन?

"बाबा, घबराइए मत. गाडी खुद रुकने वाली थी."

त्यानं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "तो बाबूजी, आप काहे को बैठे थे?"

मी खाली बसून मासे गोळा केले. एकेक मासा हातातून दोनदा निसटला.

एवढ्यावर गप्प बसायचं ना? नाही! दुसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन वर्कशॉपमध्ये तक्रार करायला गेलो. तिथली इंजिनियर मुलगी मराठीच निघाली. तिला सगळं सांगितलं, म्हटलं, गाडी आपली आपण थांबलीच नाही.

"सर, ब्रेक तुम्ही केव्हा दाबला?"

"मी काहून दाबू? असिस्ट आहे ना!"

ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "असिस्ट म्हणजे मदत, सर. घाबरलेला माणूस ब्रेक झटक्यात दाबतो, पण पुरा जोर लावत नाही. पेडल किती झटक्यात खाली गेलं ते गाडी ओळखते आणि उरलेला जोर स्वतः लावते. पण सुरुवात तुमच्या पायानं व्हायला पाहिजे."

"आणि ती थरथर?"

"चाकं जाम होऊ नयेत म्हणून. तेव्हा पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा. काल त्या बाबांना गाडीनंच वाचवलं. तुमचा पाय येईपर्यंत ती वाट पाहून राहिली होती."

मी गाडीची वाट पाहत होतो, गाडी माझी! मध्ये तो म्हातारा.

मुलीनं फॉर्म पुढे ओढला. "मग सर, तक्रार काय लिहू?"

मी काही बोलायच्या आत सुनंदा म्हणाली, "लिही बाई, गाडी ठीक आहे. बिघाड चालवणाऱ्यात आहे."

तिनं तसंच लिहिलं, आणि खाली सही मी केली.