पेटी घरी, आई फडात

आईच्या गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालवायचं त्याचं काम. सोबत एक पेटी मिळाली. ती उशाशी, विजेवर लावून ठेवायची. छातीतली खबर ती दवाखान्याला कळवते.

दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला निघाले. कोयता म्हणजे जोडपं. आई नसली की बापाचा कोयता अर्धा, मजुरीही अर्धी. "मी कोपीवर निस्त्या भाकरी थापीन," आई म्हणाली, आणि मी ते मान्य केलं.

महिनाभरानं दवाखान्यातल्या ताईंचा फोन आला, पेटीची काहीच खबर नाही म्हणून. मी त्यांनाच सुनावलं. गरिबाला यंत्र द्यायचं आणि मग वाऱ्यावर सोडायचं, वगैरे. संघटनेची पत्रकं लिहून माझ्या जिभेला तशी सवयच लागली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "पेटी आहे कुठं?"

शिरूरला, आमच्या गावी गेले, घराचं कुलूप काढलं. पेटी धान्याच्या कोठीत होती, लग्नातल्या शालूत गुंडाळलेली. ट्रॅक्टरवर भांडी, बाजरी, ताडपत्री जाते. किमती वस्तू कुलपात राहते. आईनं तेच केलं होतं. ऊसतोड बायांच्या आरोग्यावर मी पत्रक काढलं होतं. सहा महिने परमुलखात राहणाऱ्या बाईनं असली पेटी लावायची कुठं, हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. मीही नाही.

पेटी घेऊन उसाच्या फडावर पोचले. कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, वीज नव्हती. शेजारच्या विहिरीवर, मोटारीच्या खोलीत पेटी लावली आणि आईला तिच्याजवळ बसवलं. दुपारी ताईंनी फोनवर सांगितलं, छातीत पाणी साठू लागलंय, आणि बाई दिवसभर राबताहेत, यंत्रानं सगळं टिपलंय.

"भाकरी थापत होतीस ना?" मी विचारलं.

"थापतच व्हते की. मधी मोळ्या बी बांधल्या." तिनं पेटीकडं बघितलं. "लई चुगलखोर हाय मेली."

बाप म्हणाला, "दम लागतुय म्हणून कावून सांगितलं न्हाई मला?"

"सांगून काय, अर्धा कोयता घिऊन बसला असता?"



डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आई घरी जायला तयार होईना. मग तिच्या जागी मी मोळ्या बांधायला उतरले. ती खोलीच्या ओट्यावरून बघत असायची. "बांध ढिला हाय तुझा. गाडीत चढायच्या आत सुटंल."

पुढच्या आठवड्यात ताईंचा फोन आला, पाणी उतरतंय. मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मी सकाळी बांधलेल्या तीन मोळ्या सोडवून मला परत बांधायला लावल्या.