इंदूवहिनींचं पांढरं झुडूप

ऑक्टोबर १९९३, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळ. हजर: आमचे हे, सासूबाई, मी आणि मेंदीच्या कुंपणापलीकडे इंदूवहिनी बोकारे. आमची रश्मी घरातच होती, पण "मम्मी, मुझे पढ़ना है" म्हणून तिने अंग काढून घेतलं होतं. कामं ठरलेली होती. गुलाब छाटायचे, आळी मोकळी करायची, शेणखत घालायचं आणि दुपारच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं.

इंदूवहिनींचं तोंड मला त्या दिवशी दिसलंच नाही. मी कुंपणावरून नमस्कार केला तेव्हा त्या माझ्याकडे पाठ करून पाटावर बसल्या होत्या. वळल्या नाहीत. पाठीनेच म्हणाल्या, "बोला ना, सांगलीवाल्या. मी ऐकून राहिली." त्यांच्यासमोर कमरेलाही न लागणारी, गोल बांध्याची पांढऱ्या गुलाबांची झुडपं होती. सुकलेला झुबका दिसला की त्या तो नखाने खुडायच्या आणि पदराच्या ओच्यात टाकायच्या. असं त्या रोज करायच्या, सकाळी आणि चार वाजता, आणि बोलणाऱ्याकडे बघायच्या नाहीत.

इथे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत गुलाब सगळ्यांकडे होते. पण ते प्रदर्शनात मांडायचे गुलाब. लांब दांडा, त्याच्यावर एकच फूल, वाटीएवढं. इंदूवहिनींच्या फुलाला कुणी बक्षीस दिलं नसतं. लहान, पातळ पाकळ्यांचं, झुबक्याने येणारं. फक्त ते थांबायचं नाही. उन्हाळ्यातल्या लूमध्ये जरा दम खायचं आणि पहिला पाऊस झाला की पुन्हा सुरू. अंगण त्यांचंही आमच्याएवढंच होतं, चार खाटा टाकल्या तर भरेल असं. पण रस्त्यावरून जाणारा माणूस थांबायचा तो त्यांच्या फाटकाशी.

थांबेनात का. मला त्याचं काही नव्हतं. मला लागलं ते वेगळंच.

सासूबाई त्याच महिन्यात सांगलीहून आमच्याकडे कायमच्या आल्या होत्या. सासरे गेल्यावर तिकडे एकट्या कशा राहणार? त्यांना हिंदी येत नव्हतं. रश्मीला मराठी समजायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. मी सगळं बघत होते. दूध वेळेवर, गोळ्या वेळेवर, उन्हात खुर्ची, पायांना तेल. "आई, काही हवंय का?" असं दिवसातून कितीदा तरी विचारायची. "काही नको गं," एवढंच उत्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. "अगं, ऐकलंस का" वर भागायचं.

त्या रविवारी त्या कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेल्या, देवाला फुलं मागायला. तासाभराने मला हसणं ऐकू आलं. सासूबाईंचं हसणं मी ओळखलंच नाही, इतकं ते माझ्या कानांना नवीन होतं. आठ दिवसांत त्या "इंदू" म्हणायला लागल्या. नुसतं इंदू!

मग रोज चार वाजता त्या तिकडे. मी चहा ठेवायची तर "इंदूने केलाय." मी भाकरी करायची तर "इंदूकडे बाटी खाल्ली." एकदा वाटी परत करायला गेले तेव्हा सासूबाई मामंजींच्या शेवटच्या दुखण्याचं सांगत होत्या. आमच्याजवळ घरात त्याबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या त्या. इंदूवहिनी पाठ करून खुडत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "मग? मग काय झालं वो आई?" मी वाटी ओट्यावर ठेवून परत आले. हेवा म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. 

मी उपायाला लागले. आईंना पांढरा गुलाब हवा ना? मग तो आपल्या अंगणात असेल. इंदूवहिनींकडे काडी मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती, म्हणूनच मागितली नाही. आलमबागच्या पुढच्या नर्सरीतून तसलंच बुटकं पांढरं झाड आणलं, कलमी. नीमखली म्हणजे कडुनिंबाची पेंड घातली, वाळवीचं औषध घातलं, शेजारी वेताची खुर्ची ठेवली.

"अवो, माझ्याकडून काडी नाही का न्यायची?" पलीकडून आवाज आला.

"आणलं आता."

"बरं केलं. पण याला लई नका कापू बरं. उंच गुलाबाला कापावं लागते. याचे नुसते केस सारखे करायचे."

मी मान डोलावली. पहिलं वर्ष झाडाने नुसतं मूळ धरण्यात घालवलं. पुढच्या ऑक्टोबरात कात्री घेऊन बसले तेव्हा मात्र सगळ्या गुलाबांना एकच नियम लावला, वीतभर ठेवून बाकी साफ. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असलं काम मला आवडत नाही. हिवाळ्यात झाड फुटलं, आणि काय फुटलं! बुंध्यातून, पार मातीतूनच जाडजूड फांद्या सरसर वर आल्या. मी काठ्या बांधल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. इंदूवहिनींना तर मुद्दाम दाखवलं. "तुमच्यापेक्षा उंच गेलं," मी म्हणाले. "गेलं खरं," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून खुडायला लागल्या.

होळीच्या सुमाराला त्याला कळ्या आल्या. मी सासूबाईंना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, "आई, उद्या देवाला आपल्या घरची फुलं" असं सांगितलं. सकाळी बघते तर झाडभर गुलाबी फुलं. भडक, बाजारात टोपलीने मिळतात तसली. ज्याच्यावर कलम बांधलं होतं तो रानगुलाब खालून उठला होता आणि वरचा पांढरा मी छाटणीत कधीच मारला होता. त्या रानगुलाबाला मी हिवाळाभर खत घालत होते.

सासूबाई आधी झाडाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या अंगणातलं त्यांचं पहिलं हसणं, आणि ते माझ्यावर! त्यात कुंपणावरून इंदूवहिनी, माझं तोंड बघून: "अवो, रडता काहून? गुलकंद करा ना बापा!"

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पानं पाहूनच समजलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर सांगून राहिल्या होत्या."

यात टोमणा नव्हता, हेच वाईट. असता तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी त्या स्वतः बरणी घेऊन आल्या आणि आम्ही तिघींनी पाकळ्या निवडल्या. गुलकंद चांगला झाला. नाव मात्र "इंदूचा गुलकंद" पडलं.

९६च्या जानेवारीत बोकाऱ्यांची बदली बिलासपूरला झाली. आमच्याकडची रीत अशी की कुंड्या वाटून टाकायच्या आणि जमिनीतली झाडं क्वार्टरला सोडायची. आल्यागेल्याने त्या पांढऱ्या झुडपांवर डोळा ठेवला होता. इंदूवहिनी एकच वाक्य म्हणायच्या, "हे क्वार्टरचे आहेत, माझे नाहीत." मीही शेवटी मन घट्ट करून गेले आणि मागितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे हात पसरला असेल.

"एक काढून ठेवलंय ना," त्या म्हणाल्या. "आईंचं."

आईंचं! म्हणजे मी मागितलं नसतं तरी येणारच होतं.

त्यांनी स्वतः ते मातीच्या गड्ड्यासकट ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं. मी आखून ठेवलेल्या रांगेत त्यांनी ते लावलं नाही. नळाजवळ लावलं, जिथे चार वाजता ऊन येतं. भोवतीची माती टाचेने दाबली. जाताना सासूबाईंच्या पाया पडल्या, उठताना म्हणाल्या, "आई, हिच्याशी बोलत जा. ही चांगली आहे, नुसती घाईत राहते." माझ्यासमोर!

झुडूप जगलं. मी त्याचे केस तेवढे सारखे करते. सासूबाई आता आमच्याच अंगणात बसतात. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, असं कुणीही म्हणेल. गेल्या उन्हाळ्यात एकदा मी कंबर दुखते म्हणून पाट घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून सुकलेले झुबके खुडत बसले. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्या आपणहून बोलायला लागल्या. माहेरच्या विहिरीचं सांगितलं, मामंजींचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तेव्हापासून रोज बोलतात. आणि मला नावाने हाक मारतात.

दोन महिन्यांपूर्वी एकदा माझी पाठच होती. म्हणाल्या, "सुधा, मला एकदा इंदूकडे नेऊन सोड. पंधरा दिवस. फार वाटतंय गं तिला भेटावं."

"नेते हं आई," मी म्हणाले, आणि खुडत राहिले.

आमच्याकडे रेल्वेचा पास आहे. ह्यांना सुट्टी आहे. रिझर्वेशनची खिडकी ह्यांच्या ऑफिसच्या वाटेवर आहे आणि फॉर्म भरायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दळण झालं, विजेचं बिल झालं, रश्मीचं ॲडमिशन झालं, स्वेटर उन्हात घालून झाले. आज सकाळी ह्यांनी फाटकातून विचारलंही, "काही काम आहे का जाता जाता?"

मी म्हटलं, "नाही, काही नाही."

बिलासपूरचं रिझर्वेशन अजून करायचं आहे.