सासरे, जिताडा आणि मी

माझ्या सासऱ्यांचा या जगात एकाही माणसावर विश्वास नव्हता, आणि जावई म्हणून हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. दूधवाला, पंचांगकर्ते, हवामान खातं आणि स्वतःचा न्हावी हे सगळेच त्यांच्या लेखी सारखे संशयित होते, त्यामुळे मला वेगळं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं. कल्याणला रेल्वेच्या मालगोदामात ते कारकून होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या बोचक्यांकडे बघून ‘आत काय आहे?’ विचारण्यात गेल्यामुळे त्यांना माणसंही बांधलेल्या गाठोड्यांसारखीच दिसत. कुणी नमस्कार केला तर ते आधी ‘का?’ विचारत आणि मग हात जोडत. घराला कुलूप घालून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघत. एकदा सासूबाई चुकून आतच राहिल्या होत्या. त्यांनी आतून हाक मारली, तर यांनी बाहेरून त्यांनाच दरडावलं, “कोण आहे आत? नाव सांगा!”

अशा माणसाला छंद होता तो मात्र दुसऱ्याला फसवण्याचा, आणि तोही फक्त माशाला. स्वातंत्र्य आल्यावर विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिन ड्रायव्हरने जाताना त्यांना गळाची काठी, दोरी गुंडाळायची चरखी आणि बोटभर लांबीचा एक लाकडी मासा भेट दिला होता. तांबड्या डोक्याचा, पांढऱ्या अंगाचा, पोटाखाली गळ लटकणारा, आणि तोंड असं खोलगट कोरलेलं की बिचारा आ वासूनच जन्माला आला असावा. फुकट दिलं म्हणजे यात खोट असणार, म्हणून सासऱ्यांनी तो बादलीत टाकून ठेवला आणि सकाळी घरात जाहीर केलं, “बघा, मी म्हणत नव्हतो? बुडतच नाही!” तो बुडायचाच नसतो, हे पटायला त्यांना अख्खा एक पावसाळा लागला. पण एकदा पटल्यावर त्या लाकडावर त्यांचा जीव जडला. खाडीत जिताडा असतो. तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसतो आणि वरून जाणाऱ्या लहान माशावर झडप घालतो. त्याच्यासाठी हा मासा झुडपांना लागून अलगद फेकायचा आणि पाण्यावरची वर्तुळं पार विरेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग काठीचं टोक खाली ठेवून एकच हिसका. खोलगट तोंडात पाणी शिरून ‘बुडुक’ असा आवाज होतो. की पुन्हा गप्प. “इथेच सगळे हरतात,” ते म्हणत. “बुडुक-बुडुक करत सुटतात. एवढा गाजावाजा करणारा मासा खरा असेल का? जिताड्याला लगेच शंका येते. तो माझ्यासारखा आहे, खालून बघत राहतो.” काठावर जाळी सुकत घालणारे कोळी हसत. “काका, लाकूर खाणारा मावरा आमी अजून बगला नाय!” आपल्याला इथून हुसकावण्यासाठीच ते हसतात, अशी सासऱ्यांची खात्री होती, म्हणून मिळालेला जिताडा ते धोतराच्या घडीत लपवून घरी आणत आणि वाटेत भेटणाऱ्याला वास आला तर शेजारून चालणाऱ्याकडे संशयाने बघत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला सांगून आलेली स्थळं अशा नजरेतून सुटणं कठीणच होतं. एकाने चहाची फार स्तुती केली. चहा पाणचट होता, तेव्हा हा काहीतरी लपवतोय म्हणून तो गेला. दुसऱ्याच्या चपला कोऱ्या करकरीत होत्या, तर “जुन्या कुठे सोडून आला?” एक बिचारा काहीच बोलला नाही, तो तर सर्वांत धोकादायक ठरला. मग मी, नौपाड्यात राहणारा, ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवणारा. मुलगी मला इतकी आवडली की पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी धडधडीत चुकीची दिली. तिनेही आईकडे होकार कळवला होता. पण यांचं उत्तर येईना. तिच्याशिवाय आता दुसरं काही नको, असं मला वाटायला लागलं होतं, आणि एके दिवशी निरोप आला: ‘रविवारी दुपारी एकटे या. जुने कपडे घाला.’ त्यातला ‘एकटे’ हा शब्द माझ्या आईला मुळीच आवडला नाही.

खाडीपर्यंत ते माझ्या मागून चालले. “तुम्ही पुढे व्हा, म्हणजे दिसाल,” म्हणाले. काठावर चिटपाखरू नव्हतं. हा माणूस मला चिखलात ढकलून स्थळाचा प्रश्न कायमचा मिटवणार, असं माझ्या मनात येऊन गेलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. “पाणी फुटलं म्हणजे मासा लागला असं समजू नका. हाताला वजन आल्याशिवाय ओढायचं नाही.” मी फेकत होतो, थांबत होतो, हिसका देत होतो. ते लाकडी माशाकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि एकाएकी घागर आपटावी तसं पाणी फुटलं. मी सगळं विसरून जिवाच्या आकांताने काठी ओढली. लाकडी मासा सणसणत परत आला आणि त्यांच्या काळ्या टोपीत रुतला.

लग्न मोडलं, हे मला तिथेच कळलं. त्यांनी शांतपणे टोपी काढली, गळ सोडवला आणि विचारलं, “केवढा होता?”

सुटलेला मासा हात पसरून दाखवायचा असतो आणि हात नेहमी जरा जास्तच पसरतात, हे मलाही ठाऊक होतं. पण माझे हात उचललेच नाहीत.

“दिसला नाही. मी डोळे मिटले होते.”

“का?”

“भ्यालो.”

“शेपटी तरी दिसली असेल?”

“नाही हो. डोळे मिटले होते ना.”

त्यांनी टोपीला पडलेलं भोक बोटाने चाचपलं. मग टोपी डोक्यावर ठेवली. “सुटलेला मासा न वाढवणारा माणूस या खाडीवर पहिल्यांदा बघतोय. मुहूर्त काढायला सांगा घरी. पण विश्वास ठेवला असं समजू नका. मुलगी देतोय, एवढंच.”

ते शब्दाला जागले. लग्नात अंतरपाटाच्या कडेने डोकावून नवरा तोच आहे ना याची त्यांनी खात्री करून घेतली. आम्ही नौपाड्यात संसार मांडल्यावर ते न कळवता येऊन थडकत. मला म्हणत, “ठाण्याला काम होतं.” काम कधीच नसे. मग स्वयंपाकघरात जाऊन मुलीच्या कानाशी कुजबुजत, “बरी आहेस ना? खरं सांग.” घर एवढंसं, मला बाहेर सगळं ऐकू येई. ती हसे, ते तिचा चेहरा नीट निरखत आणि मगच पाटावर बसत. पहिली दोन-तीन वर्षं मला याचा रागच यायचा. नंतर ते येऊन गेले की मी तिला गमतीने विचारी, “काय, पास झालो का?”

मग एका दुपारी ते आले, थकलेले दिसले. बाहेरच्या खोलीतच बसले, पोहे खाल्ले, माझ्याशी चार शब्द बोलले आणि खाटेवर डोळा लागला त्यांचा. उठल्यावर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, “येतो,” म्हणून निघाले. ती दारातून त्यांना बघत राहिली. मग माझ्याकडे वळली, डोळे भरलेले.

“अहो, आज बाबांनी विचारलंच नाही.”

ज्या विश्वासासाठी मी इतकी वर्षं झुरलो, तो शेवटी मला मिळाला होता. मी खिडकीशी गेलो. ते भिंतीचा आधार घेत गल्लीतून सावकाश चालले होते. मला फार वाईट वाटलं. वाटलं, धावत जावं, त्यांना परत आणावं आणि म्हणावं, बाबा, आत जा, विचारा तिला. अजून एकदा विचारा.