माहेरचं नाव

ती केस आठवली की आजही मी खुर्चीतून उठतो आणि घरातल्या घरात फेऱ्या मारू लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलो. ही केस खुनाची नव्हतीच, आणि तेच मला टोचतं. यात मी कुणाचं नाव देणार नाही. फक्त एक द्यावं लागेल, कारण त्याशिवाय ही केस सांगताच येत नाही. परभणी जिल्ह्यात त्या नावाच्या बायका गावोगावी आहेत, त्यावरून कुणी ओळखू येणार नाही.

मी तेव्हा एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी झरीकडच्या गावातला एक शेतकरी बायको हरवल्याची खबर घेऊन आला. तेरा दिवसांची बाळंतीण तान्ह्या मुलीला घेऊन आदल्या दुपारी घरातून निघून गेली होती. मोबाइल घरीच राहिला होता. हे तिचं तिसरं बाळंतपण, आधीच्या दोन्ही मुलीच. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल केली. नाव आधार कार्डावरून उतरवलं. ते सासरी ठेवलेलं, एका देवीचं नाव होतं. फोटो मिळाला तोही लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. तोच सगळ्या ठाण्यांना पाठवला.

भांडण झालं होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काल बारसं होतं साहेब. नावावरून जरा कुरबुर झाली."

मला हसू आलं. नावावरून ओली बाळंतीण घर सोडते का, असं मी त्यालाच सुनावलं आणि ते वाक्य जबाबात येऊ दिलं नाही. खात्यात राहून एक खोड लागते. माणूस लहान कारण सांगायला लागला की तो मोठं कारण लपवतोय, असं आपण धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. तिसरीही मुलगीच झाली म्हणून माझ्या बहिणीला मारून टाकलं, असं त्याने लेखी दिलं. त्याच दुपारी गावातून एका माहीतगाराचा फोन आला. नवऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गोठ्यामागे ताजी माती उकरलेली दिसते, असं तो सांगत होता. मग मला चैन पडेना. नायब तहसीलदारांना घेऊन गेलो, पंच बोलावले, खड्डा उकरला. आत मेलेलं वासरू निघालं. तरी माझा संशय हटला नाही. त्याची विहीर उपसली, गाळात गळ टाकून पाहिलं. काहीच मिळालं नाही.

नवऱ्याला मी रोज सकाळी ठाण्यात बोलावत होतो आणि दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवून ठेवत होतो. तेच प्रश्न उलटसुलट विचारायचो. तो एकच सांगायचा, की ती गेली तेव्हा मी बारसं उरकून शेतात गेलो होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं, याचाही मी उलटा अर्थ काढला. चौथ्या दिवशी माझा हात त्याच्यावर उठला. हे कुठल्याच कागदावर नाही, म्हणून इथे लिहितो.

पाचव्या दिवशी तिची आई एकटीच एसटीने आली. साहेब मोकळे होईपर्यंत व्हरांड्यात बसा, असं तिला सांगितलं होतं. महिला शिपायाने दिलेला चहा तिच्यासमोर तसाच गार झाला. मी बाहेर आलो तेव्हा ती गुडघ्यांत मान घालून पुटपुटत होती, "अंते, कुठं गेलीस गं अंते."

मला वाटलं, हिची दुसरी कुणी मुलगी असेल. मी विचारलं, ही अंती कोण?

"हीच की, साहेब. अंतिका. चार पोरींवर पाचवी झाली, म्हून तिच्या आज्यानं ठिवलं. आता पोरींचा अंत होऊ दे, म्हून."

"मग झाला का?"

"झाला की. तिच्या पाठीवर पोरगा झाला. त्यानंच तुमच्याकडं तक्रार दिली न्हाई का?"

आमच्या कामात माणूस समोर आला की आधी आडनाव विचारतात. आडनावाच्या शेवटी 'कर' असलं की मूळ गावाचा अंदाज येतो, कुणाचं आडनाव पाटीलकीवरून, कुणाचं देशमुखीवरून पडलेलं असतं. तेवढ्यावर माणूस कळला असं वाटतं. दगडू, धोंडू, केरबा ही नावंही मी शेकड्यांनी लिहून घेतली होती. आधीची मुलं दगावलेली असतात, म्हणून हे तरी जगावं, कुणाची नजर लागू नये, यासाठी मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवतात. त्या नावामागे माया असते. अंतिका हे कानाला त्याहून किती गोड. पण ते त्या मुलीसाठी ठेवलेलंच नसतं. ते तिच्यानंतर येणाऱ्यासाठी असतं.

मी माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव लिहून घेतलं आणि स्वतः एकेक ठाण्याला फोन लावत गेलो. दहा मिनिटांत पूर्ण्याहून उत्तर आलं. या नावाची बाई तान्ह्या मुलीसह तिथल्या दवाखान्यात होती. स्टेशनवर तापाने पडली होती, रेल्वेच्या हमालांनी नेऊन दाखल केलं होतं. दवाखान्याने ठाण्याला रीतसर कळवलंही होतं. पण आम्ही पाठवलेल्या कागदावर वेगळंच नाव होतं.

मी तिच्या आईला आणि नवऱ्याला जीपमध्ये घेतलं. वाटेत मी त्याला विचारलं, बायकोचं माहेरचं नाव तुला माहीत नव्हतं का?

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ठाऊक हाय. इचारलं कुणी?"

वॉर्डात ती भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. आई जवळ जाऊन बसली. ताप उतरला होता, जबाब द्यायची तिची तयारी होती. ती सज्ञान होती, स्वखुशीने गेली होती, एवढं लिहिलं की माझं काम संपत होतं. तरी मी विचारलं, की दवाखान्यात जुनं नाव का सांगितलंस?

"त्या नावानं मला कुणी हुडकणार न्हाई, म्हून."

मग तिने बारशाची हकिकत सांगितली. पाळण्यापाशी सासूने बाळाचं नाव अंतिकाच ठेवायचं काढलं. तुझ्या पाठीवर भाऊ झाला, हिच्याही पाठीवर होईल, असं तिचं म्हणणं. बायका गोळा झालेल्या, नवरा दारात उभा. तो काही बोलला नाही.

"शाळंत त्या नावाचा अर्थ कळला, साहेब. तवापासून कुणी हाक मारली की वाटायचं, बास कर म्हणायलेत. म्या वागवलं. हिनं का म्हून वागवायचं?"

नवरा खाटेच्या पायथ्याशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "म्या आईला बोलायला पायजे होतं." ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण बाळावरचा पदर तिने थोडा बाजूला केला.

मिसिंग निकाली निघाली. ती बाळाला घेऊन आईबरोबर माहेरी गेली. परत येताना मी जीप थांबवून त्याला चहा पाजला. खरं तर माफी मागायला हवी होती. ती माझ्याने मागवली नाही. पुढे कळलं, की त्याने जन्मनोंदणीत मुलीचं नाव बायकोने निवडलेलं घातलं, तो दाखला माहेरी नेऊन दाखवला, आणि मगच ती नांदायला आली. ते नाव मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

त्यानंतर माझ्या ठाण्यात विवाहित बाईची मिसिंग आली की मी माहेरचं नाव लिहायला लावत असे. किती नवरे ते नाव विचारायला मेव्हण्याला फोन लावत, हे पाहिलेल्यालाच कळेल. आणि छोट्या कारणाला मी कधी हसलो नाही. माणसं छोट्या कारणानेच घर सोडतात, एवढं या केसने शिकवलं.

एक गोष्ट मात्र उशिरा केली. निवृत्तीनंतर एका दुपारी बायको गहू निवडत बसली होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. तिला विचारायचं असतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. मी म्हटलं, तुला तुझं आधीचं नाव आवडायचं का?

ती म्हणाली, "आई होती तोवर माहेरी गेले की ऐकू यायचं. आता कुणी घेत नाही."

तेव्हापासून मी अधूनमधून तिला त्या नावाने हाक मारतो. माझी जीभ अजून अडखळते. तीही ओ देते, पण जरा थांबून.