वरची ओळ

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी केडगावच्या चर्चमध्ये वचनांची टोपली फिरते. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावरचं बायबलातलं वाक्य म्हणजे वर्षभराचा आधार. मार्थामावशी पायरीवर उभी राहून हसत बाहेर येणाऱ्यांना अडवायची. "कंचं आलं? कल्याणाचं? बायबलात त्याच्या वरची ओळ वाचलीस का? आधी सत्तर वर्षं परमुलखात काढायची, मग कल्याण. ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे तिकडंच मेले." तिला पाहिलं की लोक चिठ्ठी खिशात घालत.

मावशी माझी शेजारीण. नवऱ्याने मला केंदूरच्या घरातून हाकललं, चार वर्षांची दीपा ठेवून घेतली आणि मी केडगावला स्टेशनमागे खोली घेतली, तेव्हा भिंतीपलीकडे ती होती. मी हिंदू, तरी माझं रडणं ऐकून ती मला ओढत चर्चला घेऊन गेली. तिथल्या बाया म्हणाल्या, देव लेक परत देईल. मावशी म्हणाली, "दील. पर तवर ती तुला वळखायची न्हाई. तयारीत ऱ्हा." मला तिचा गळा दाबावासा वाटला.

तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्यालाही कारण होतं. तान्ही असताना तिला कुणीतरी आश्रमाच्या दारात ठेवून गेलं होतं. तिथल्या एका मायाळू बाईने "नाताळाला आई येईल" असं सांगत तिला वाढवलं. "गोड बोलून मारलं मला," मावशी म्हणायची.

कोर्टाने महिन्यातला एक शनिवार भेटीला दिला. पहिल्या भेटीत दीपा सासूच्या पदराआड लपली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "ही बाई नको मला." मी जाणंच सोडलं. पुढच्या भेटीच्या शनिवारी मी घरीच जेवायला बसले, तशी मावशीने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं.

"देवानं आपली माणसं हाकलली, त्यांचं शहर जाळू दिलं. आन् मग बसला का घरी? त्यांच्या मागं मागं परमुलखात गेला. संदेष्टे तेच सांगत्यात. तू तर पोरीचं कायबी वाईट केलं न्हाईस. तुला कसली लाज? ऊठ."

पुढे प्रत्येक भेटीला ती एसट्या बदलत माझ्याबरोबर आली. आम्ही सासरच्या ओसरीवर बसायचो, दीपा आत. परतताना मी रडले की म्हणायची, "वारं घे. पोरगी बोलंल तवा तुझं तोंड बघण्यासारखं असू दे."

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. "मी मेले आन् भेटीचा शनवार असला, तर मातीला थांबू नगं," तिने बजावलं. मेलीही नेमकी भेटीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. शनिवारी सकाळी तिच्या पाया पडून मी केंदूरची गाडी धरली. तिला माती द्यायला मी नव्हते, हे मला अजून जाळतं, आणि असं बोलून ठेवल्याबद्दल तिचा रागही येतो.

ओसरीवर एकटीच बसले. बऱ्याच वेळाने दीपा दारात आली. आता अकरा वर्षांची.

"ती म्हातारी कुठंय?"

"वारली. आज तिची माती हाय."

ती उंबऱ्यावर टेकली, माझ्यापासून लांबच. "मग आता तू येणार न्हाईस?"

"येणार."

"एकटी?"

"एकटी."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "दुपारचा मला क्लास असतो," ती म्हणाली. "सकाळच्या पहिल्या एसटीनं येत जा."