आबांनी मायला दिलेली गोळी

ती बातमी मीच वाचून दाखवली होती. दोष द्यायचाच तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

मायला स्तनाचा कॅन्सर निघाला, म्हणून तिला आणि आबांना मी पाचोडहून संभाजीनगरला माझ्याकडं आणलं होतं. दोन केमो झाल्या होत्या. एका सकाळी मोबाइलवर दिसलं, की हृदयाच्या जुन्या गोळ्या कॅन्सरवरही चालतील का ते डॉक्टर लोक बघतायत. मी मोठ्यानं वाचलं. ‘अजून अभ्यास चालू आहे’ ही शेवटची ओळ भरभर उरकली, मलाच ती नको होती. आबा स्वतः हृदयाचे पेशंट. त्यांनी विचारलं, “म्हंजे माझीच गोळी?”

“व्हय, तसलीच,” मी हसत म्हणालो.

गोळ्या वाटून खायची आमच्याकडं खोडच आहे. गुडघ्याची असो की पित्ताची, एकाला गुण आला की गल्लीभर फिरते. आबांनी तेच केलं. रोज सकाळी एक स्वतः घ्यायची, एक मायला चहाबरोबर द्यायची. दोघांनी मला पत्ता लागू दिला नाही.

तिसऱ्या केमोला माय दवाखान्याच्या पायऱ्यांवरच कोसळली. नाडी लई मंद, बीपी खाली. डॉक्टरांनी खडसावून विचारलं, तेव्हा आबांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. “बाबा, हे कॅन्सरवरचं औषध म्हणून ठरलेलं नाही हो अजून!”

केमो थोडे दिवस पुढं ढकलली. नंतरच्या तपासणीत कॅन्सर लिव्हरमध्ये पोचलेला निघाला. व्हरांड्यात आबांनी विचारलं, “माझ्यामुळं झालं का रे?”

माझं डोकं फिरलेलं. “व्हय, तुमच्यामुळंच! कुणी सांगितला होता हा शहाणपणा?” सगळ्या लोकांसमोर बोललो. बातमी कुणी वाचली होती, ते मात्र गिळून बसलो. आजही स्वतःची चीड येते.

डॉक्टरांनी मला नंतर एकट्याला सांगितलं, केमो थोडे दिवस लांबल्यानं काही बिघडलं नाही, रोग आधीच पसरला होता. मी लगेच आबांना सांगायला हवं होतं. आधी राग होता, मग लाज. आज सांगू, उद्या सांगू करत माय गेली.

तेरावं झाल्यावर सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. “असू दे. बापाचं मन राखायला बोलतोस, कळतं मला.”

मी मेल्या मायची शपथ घेतली. तरी त्यांना ते खरं वाटलं नाही.